निकमांचा अंगठा

“लिफ्ट नीट दे गं,” अप्पा आईला म्हणाले. “असल्या पासवर कोण मारणार?”

आईने ओला टॉवेल पुन्हा पिळला आणि वर भिरकावला. अप्पांनी तो हवेतच धरला, एकदा झटकला आणि छताखालच्या बांबूवर असा टाकला की दोन्ही टोकं सारखी लोंबली.

“पॉइंट,” ते म्हणाले.

“मॅच संपली असेल तर आंघोळीला जा,” आई म्हणाली. “पुण्याची गाडी चुकेल.”

साताऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरी कपडे वाळत घालायची काठी होती. आमच्याकडे अप्पा होते. सव्वासहा फूट उंच. आई आणि मी दोघीही पाच फुटांच्या आतल्या. बांबू अप्पांनीच बसवला होता, ओले कपडे स्वतःच्या डोक्याला लागू नयेत अशा बेताने, म्हणजे जवळजवळ छताला टेकून. त्यामुळे साड्या, चादरी, माझे कुडते सगळं तेच वाळत घालायचे आणि तेच काढायचे. हल्ली त्यात एवढाच फरक पडला होता की त्यांना बादली उचलायला बंदी होती. बादली आम्ही दोघी दोन बाजूंनी धरून आणायचो आणि ते हात मागे बांधून शेजारी उभे राहायचे, शिपायांकडून काम करून घेणाऱ्या साहेबासारखे.

“सिस्टर गायकवाडांनी बादलीला बंदी केलीय,” ते आम्हाला बजावायचे. “टॉवेलला नाही.”

सिस्टर गायकवाड पुण्याच्या हॉस्पिटलात होत्या. तिथे आम्ही पोचलो ते डोळ्यांमुळे. अप्पांना धूसर दिसायला लागलं म्हणून साताऱ्यातल्या डॉक्टरांनी डोळे तपासले, तर आतलं भिंग जागेवरून सरकलेलं निघालं. त्या डॉक्टरांनी मग अप्पांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, बोटं बघितली आणि पुण्याला चिठ्ठी दिली. रक्तातून पुढच्या पिढीत जाणारे आजार बघणारा एक विभाग तिथे आहे, म्हणाले.

पहिल्या भेटीत विभागाचे प्रमुख डॉक्टर मुजावर म्हणाले, “हे एकट्याचं काम नाही. आमची टीम आहे. आम्ही सगळे मिळून बघतो.”

टीम म्हटल्यावर अप्पा खुर्चीत ताठ झाले. साखर कारखान्याच्या व्हॉलीबॉल टीमचे ते वीस वर्षं ब्लॉकर होते, नेटपाशी उडी मारून समोरच्याचा बॉल हातांनी अडवणारे. कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, पण कोणी विचारलं तर आधी ब्लॉकर सांगायचे आणि मग स्टोअर.

“कॅप्टन कोण?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. “तसं कोणी… मीच म्हणा.”

“बरं. मग सुरू करा.”

डॉक्टरांनी त्यांना हात पसरायला लावले. टेपचं एक टोक डॉक्टरांनी धरलं, दुसरं धरून सिस्टर गायकवाड चालत चालत दारापर्यंत गेल्या. मग डॉक्टर म्हणाले, “आता अंगठा आत घेऊन मूठ करा.”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

आमच्या निकमांच्या घरात मूल आपलं आहे की नाही ते अंगठ्यावरून ठरायचं. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पाठीत धपाटे खाते, हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे आत्या त्यानंतर बाळाची मूठही बघायची. अंगठा तळव्यात आडवा ठेवायचा, वरून बोटं मिटायची, आणि करंगळीच्या बाजूने अंगठ्याचं टोक बाहेर डोकावलं की बाळ निकमांचं. माझी सगळी चुलत भावंडं पास झाली होती. माझ्या बारशाला शालनआत्याने माझ्या दोन्ही मुठी तपासल्या, खात्रीसाठी परत तपासल्या, आणि भरल्या घरात जाहीर केलं, “आईवर गेली.”

ते वाक्य मग माझ्या नावासारखंच मला चिकटलं. लग्नकार्यात सगळे निकम एका रांगेत उभे राहून अंगठे बाहेर काढून फोटो काढून घ्यायचे, तेव्हा कोणीतरी म्हणायचं, वैजू, तू फोटो काढ, तू आईवर गेलीस. शाळेत असताना मी अंगठ्याला दोरीने दगड बांधून बसायची, लांब व्हावा म्हणून. एकदा मुठीत खडूचा तुकडा धरला, टोक बाहेर येईल असा, आणि अप्पांसमोर हात नेला. त्यांनी तो खडू बराच वेळ गंभीरपणे पाहिला.

“आलं की गं बाहेर,” ते म्हणाले. “जप हां. मोडेल.”

तर डॉक्टर मुजावरांनी आमच्या घरचीच परीक्षा घेतली. अप्पांनी मूठ केली. अंगठ्याचं अख्खं पेर बाहेर आलं.

“दोन्ही हातांचा होतो,” अप्पा म्हणाले. “माझ्या भावांचाही होतो. वडिलांचा तर याहून लांब व्हायचा.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरायला सांगितलं. अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढली.

“पास?” अप्पांनी विचारलं.

“सगळ्यात,” डॉक्टर म्हणाले. ते हसले नाहीत. अप्पांनी मला डोळा मारला.

आजाराचं नाव आम्हाला शलाका बर्वेनी सांगितलं. ती माझ्याच वयाची, तिशीची, मोठ्या डोळ्यांची मुलगी होती. तिच्या टेबलावर कागद होता आणि त्यावर ती आमच्या घराण्याचे चौकोन आणि गोल काढत होती. पुरुष चौकोनात, बायका गोलात.

“तुम्ही डॉक्टर?” अप्पांनी विचारलं.

“नाही. मी समुपदेशक. जनुकांच्या आजारात काय असतं, पुढे काय होऊ शकतं, ते समजावून सांगते. आणि तुमचं ऐकून घेते.”

“औषध नाही देत?”

“नाही.”

“काय करायचं ते तरी सांगता?”

“तेही नाही. ठरवायचं तुम्ही. ठरवायला लागतं ते सगळं तुमच्यासमोर मांडते.”

अप्पांनी विचार केला. “म्हणजे लिफ्टर. स्वतः मारायचं नाही. दुसऱ्याला मारता येईल असा बॉल उचलून द्यायचा.”

शलाकाने पेन खाली ठेवलं. “इतकं बरोबर मला अजून कोणी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

मग तिने बॉल उचलला. आजाराचं नाव मारफान सिंड्रोम. शरीराला बांधून ठेवणारे धागे यात सैल असतात. म्हणून उंची, म्हणून लांब बोटं, म्हणून भिंग सरकलं. आणि त्याच कारणाने अप्पांच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगत चालली होती. ती फाटायच्या आत ऑपरेशन करून घ्यायला हवं. वजन उचलायचं नाही. आणि हा आजार आईबापांपैकी एकाला असला की मुलात येण्याची शक्यता निम्मी.

“टॉस,” अप्पा म्हणाले.

“हो, टॉससारखंच.”

“हिचा टॉस कधी?”

“तो झालाय. त्यांच्या जन्माआधीच. आपल्याला फक्त नाणं बघायचंय.”

“पण ती आईवर गेलीय,” अप्पा चटकन म्हणाले. “वैजू, मूठ दाखव यांना.”

मी मूठ दाखवली. अंगठा आतच राहिला. सवयीने अप्पा म्हणाले, “जरा जोर लाव,” आणि लगेच म्हणाले, “नको. लावू नको.”

“उंचीवरून, अंगठ्यावरून खात्री देता येत नाही,” शलाका म्हणाली. “रक्त बघावं लागेल. ते द्यायचं की नाही हे मात्र त्यांनी ठरवायचं.”

मी दिलं. सिस्टर गायकवाडांनी सुई टोचताना अप्पांना तोंड भिंतीकडे करून उभं राहायला सांगितलं, कारण सुई मला लागत होती आणि कळवळत ते होते.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांनी टीम लावून टाकली. मुजावर कॅप्टन. शलाका लिफ्टर. ऑपरेशन करणारे सर्जन स्मॅशर, त्यांना शेवटी बोलावतात आणि टाळ्या त्यांनाच पडतात. सिस्टर गायकवाड लिबेरो, म्हणजे मागे राहून जे जे पडेल ते उचलणारा खेळाडू. सरकारी योजनेचे कागद करून देणारे समाजसेवा विभागाचे भालेराव मॅनेजर.

“आणि रक्त तपासणारा माणूस?” मी विचारलं.

“तो रेफरी. त्याला आपण दिसत नाही, त्याला फक्त बॉल दिसतो.” थोडं थांबून म्हणाले, “एकदा भेटायला पाहिजे त्याला.”

माझा निकाल यायला तीन महिने लागले. तोवर अप्पांच्या ऑपरेशनची तारीखही पडली. निकालानंतरच्या आठवड्यात भरती व्हायचं होतं. घरात ऑपरेशनची बोलणी व्हायची ती कपडे वाळत घालणार कोण या अंगाने. माझ्या निकालाबद्दल अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना त्याचं विशेष काही नाही.

टॉवेलच्या त्या सकाळी आम्ही दोघं निघालो. एसटीत अप्पा नेहमीप्रमाणे मागच्या बाकाच्या मधोमध बसले आणि पाय वाटेत सोडले. कंडक्टरने त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून तिकीट दिलं. मांडीवर कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स होते.

“निकाल लागायच्या आधीच पेढे?” मी विचारलं.

“नंतर कोण साताऱ्याला येऊन नेणार? आणि कसाही लागला तरी त्यांनी मेहनत केलीय की.”

“आणि मला असलं तर?”

अप्पांनी बॉक्सची दोरी सोडून परत बांधली. “खिडकी लाव,” म्हणाले. “वारं येतंय.”

विभागात पोचल्यावर शलाकाने पेढे बाजूला ठेवले आणि अप्पांना सांगितलं, “काका, तुम्ही बाहेर बसा. रिपोर्ट वैजयंतीताईंचा आहे. आधी त्या एकट्या ऐकतील. तुम्हाला सांगायचं की नाही ते त्या ठरवतील.”

“मी बाप आहे तिचा.”

“म्हणूनच बाहेर.”

अप्पा निमूट गेले. कॅप्टनचं ऐकलं नसतं एखाद्या वेळी, पण लिफ्टरचं ऐकायचे.

शलाकाची खोली म्हणजे खोली नव्हती. मोठ्या हॉलमध्ये लाकडी पार्टिशन घालून केलेला कोपरा होता. कोणाला आतलं दिसू नये म्हणून पार्टिशन चांगलं पुरुषभर उंच केलं होतं. ते करणाऱ्याने अप्पांना पाहिलेलं नव्हतं.

“पाकीट उघडायचं ना?” शलाकाने विचारलं. “नको असेल तर तसंही चालतं. उद्या उघडू, कधीच नाही उघडलं तरी मी काही म्हणणार नाही.”

मी हो म्हणणार तेवढ्यात तिच्या मागे, पार्टिशनच्या वर, केस दिसले. मग कपाळ. मग डोळे.

“अप्पा, डोकं दिसतंय,” मी म्हणाले.

डोकं खाली गेलं. “मी नुसता उभा होतो,” पलीकडून आवाज आला.

“बसून राहा नुसते,” सिस्टर गायकवाडांचा आवाज आला. “या बाकावर. पाय आत घ्या, ट्रॉली यायचीय.”

शलाकाने ओठ दाबून धरले होते. तिने पाकीट उघडलं, मला दिसेल असा कागद फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“तुमच्या बाबांच्यात जो बदल आहे तो तुमच्यात नाही. हा आजार तुमच्याकडे आलेला नाही, तुमच्या मुलांकडेही तुमच्यामार्फत जाणार नाही.” तिने थांबून माझ्याकडे पाहिलं. “चांगली बातमी आहे. पण कोणाकोणाला चांगली बातमी ऐकूनही विचित्र वाटतं. तसं वाटलं तर वाटू दे.”

मला विचित्र वाटत होतं. शालनआत्याने बारशाला जे सांगितलं तेच एवढ्या मोठ्या हॉस्पिटलने तीन महिने तपासून, सहीशिक्क्यानिशी सांगितलं होतं.

पार्टिशनवर पुन्हा केस आले. या वेळी सिस्टरांचं कोणी ऐकलेलं नव्हतं. डोळे वर आले आणि तिथेच थांबले. त्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ते माझ्या चेहऱ्यावरचं काही वाचू शकणार नव्हते.

मी हात वर केला. अंगठा आत घेतला, बोटं मिटली आणि मूठ त्यांच्याकडे वळवली. करंगळीच्या बाजूने काहीच बाहेर आलेलं नव्हतं. मी मूठ तशीच धरून ठेवली, त्यांना नीट दिसेपर्यंत.

डोकं एकदम नाहीसं झालं. पलीकडे बाक करकरला.

मी बाहेर आले तेव्हा अप्पा आमच्याकडे पाठ करून भिंतीला टेकून पाणी पीत होते आणि सिस्टर गायकवाड त्यांच्या पाठीवर, म्हणजे पोचेल तिथवर, कमरेच्या जरा वर, थापटत होत्या.

“प्रवासात पाणी पीत नाहीत आणि मग असं होतं,” त्या मला म्हणाल्या. त्यांचेही डोळे लाल होते. त्या तर प्रवास करून आल्या नव्हत्या.

अप्पा वळले. चेहरा पुसलेला होता. “पेढे कुठेत?” त्यांनी विचारलं.

व्हॉलीबॉलमध्ये मॅच संपली की दोन्ही टीम नेटपाशी रांगेने येतात आणि नेटखालून एकेकाशी हात मिळवतात. हरलेलेही मिळवतात. अप्पांनी ते हॉस्पिटलात केलं. आधी शलाका, मग सिस्टर, मग भालेराव, ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते तर त्यांना फोन खाली ठेवायला लावून. डॉक्टर मुजावर दुसऱ्या पेशंटपाशी होते, तर अप्पांनी त्या पेशंटशीही हात मिळवला आणि त्याला पेढा दिला.

“आता रेफरी,” ते म्हणाले.

“लॅबमध्ये पेशंट जात नाहीत, काका,” शलाका म्हणाली.

“मी पेशंट म्हणून जात नाही.”

शलाकाने फोन केला. तळमजल्यावरून एक बारीक, टक्कल पडू लागलेले गृहस्थ वर आले. पांढरा कोट, नाव तेंडोलकर. काहीतरी चुकलं म्हणून बोलावलंय अशा चेहऱ्याने ते दाराशी उभे राहिले.

“माझ्या मुलीचं रक्त तुम्ही बघितलंत?” अप्पांनी विचारलं.

“नावं नसतात आमच्याकडे. नंबर असतात,” तेंडोलकर म्हणाले. “पण साताऱ्याचा असेल तर हो. दोनदा केलं. पहिल्यांदा ठीक होतं, तरी परत केलं.”

“का?”

तेंडोलकर जरा ओशाळले. “नाही म्हणून सांगायचं असलं की मी परत करतो. कोणीतरी त्यावर विसंबून झोपणार असतं.”

अप्पांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो पार दिसेनासा झाला. मग पेढ्यांचा उरलेला अख्खा बॉक्स त्यांच्या कोटाच्या खिशात घालायचा प्रयत्न केला. तो जाईना, तेव्हा हातात दिला.

“अंगठा चांगलाय हो तुमचा,” सुटका झाल्यावर तेंडोलकर म्हणाले. त्यांनी रिपोर्टमध्ये वाचलं असणार. अप्पांनी लगेच करून दाखवला.

परतीच्या गाडीतही त्यांनी मागच्या बाकाची मधली जागा धरली. खंबाटकीचा घाट चढताना म्हणाले, “बरं झालं.”

“काय?”

“आईवर गेलीस.”

तीस वर्षांत ते वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. या वेळी ते त्यांनी असं म्हटलं की मला वर बघवेना. मला काहीतरी म्हणायचं होतं. ते अगदी जिभेवर होतं. पण ज्या माणसाने इतके दिवस मनातल्या मनात एकच मागणं मागितलं आणि त्याला ते नुकतंच मिळालंय, त्याला ते सांगणं बरं दिसलं नसतं. मी म्हणाले, “हो.” अप्पा मान मागे टाकून झोपले. त्यांच्या पायांवरून लोक उतरत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी आईला सगळी मॅच पहिल्यापासून सांगितली, पार्टिशनवरून डोकावल्याचं वगळून. ते मी सांगितलं. आई हसून हसून खाली बसली. मग अप्पांनी अंगातला निळा शर्ट धुतला, आईने तो पिळून वर टाकला आणि त्यांनी बांबूवर पसरला.

“पॉइंट,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी पाठीत काहीतरी होतंय म्हटलं आणि कप टेबलावर नीट ठेवला. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. ऑपरेशनला आठवडाच उरला होता. शलाकाला मी फोन केला, तेव्हा ती काही समजावून सांगायला गेली नाही. फोन न ठेवता नुसती ऐकत राहिली.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. काका, चुलत भाऊ, शालनआत्या, सगळे निकम. इतके उंच लोक इतक्या छोट्या घरात, सारखे कशाला ना कशाला डोकी आपटून घेत होते. शलाकाने पाठवलेलं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं आणि पुण्याला जाऊन तपासून घ्या म्हणून प्रत्येकाच्या मागे लागले. लहानपणी ज्यांच्या अंगठ्यांचा मी हेवा केला ते सगळे आपापल्या मुठीकडे बघत बसले होते. पुढे एकेक जण गेला. दोघांची ऑपरेशनं झाली, दोघंही ठणठणीत आहेत. आत्या आता बारशाला मूठ बघते आणि अंगठा बाहेर आला की बाळाच्या आईला शलाकाचा नंबर देते.

चौदाव्या दिवशी सगळे गेले. मी आणि आई घरात उरलो. आई केर काढता काढता थांबली आणि वर बघायला लागली.

निळा शर्ट बांबूवर तसाच होता. दोन आठवडे एवढे उंच लोक त्याखालून गेले, पण तो काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोघींचे हात पोचणं शक्यच नव्हतं.

“शेजारून काठी आण,” आई म्हणाली.

मी आणली. दोघींपैकी कोणीच जन्मात काठी हातात धरलेली नव्हती. मी शर्टाला ढोसलं तर तो बांबूभोवतीच गुंडाळला. आईने “दे इकडे” म्हणून काठी घेतली, आकडा बाहीत अडकवला आणि ओढला, तर शर्ट जागचा हलला नाही, नुसती एक बाही सुटून खाली आली आणि आमच्या डोक्यांवर लोंबकळत राहिली. लांबच लांब. ती आमच्याकडे हात पुढे केल्यासारखी डुलत होती.

“बघ,” आई म्हणाली. “अजून ब्लॉक करतायत.”

तिला हसू फुटलं. मलाही. दोघी काठी धरून हसत राहिलो. मग तिने पदराने तोंड पुसलं. “राहू दे आजच्या दिवस,” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी शर्टाखाली उभी राहिले. अंगठा आत घेऊन मूठ केली. जोर लावला. चांगला लावला. मग मान वर केली. बांबू इतका उंच होता की मनातल्या मनात म्हणून भागलं नसतं, हळू बोलूनही पोचलं नसतं.

“अप्पा,” मी मोठ्याने म्हणाले, “मला तुमच्यावर जायचं होतं.”